लहान शहर आणि शेजारच्या यंत्रणा: मराठवाड्यातील नगरपरिषदांसाठी समन्वयाची कार्यपद्धती

मराठवाड्यातील नगरपरिषदेचे काम तिच्या हद्दीत संपत नाही. त्यातील बराच महत्त्वाचा भाग हद्दीबाहेरच सुरू होतो. लातूर, अंबाजोगाई, केज आणि कळंब ही शहरे ज्या मांजरा प्रकल्पावर अवलंबून आहेत, त्याचे धरण बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगावला आहे. उदगीरला नांदेड जिल्ह्यातील लिंबोटी धरणाचे पाणी मिळते. धाराशिव शहराला उजनीचे पाणी येते आणि उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे वेगळ्या महसूल विभागात आहे. शहराच्या मधून जाणारा मुख्य रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, पथदिव्यांची वीज महावितरणची असते, उपजिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाचे असते आणि शहराचा नाला ज्या ओढ्याला मिळतो तो पुढे दोन-तीन ग्रामपंचायतींच्या शिवारातून वाहतो. त्यामुळे या यंत्रणांशी काम कसे जुळवावे, हा नगरपरिषदेच्या रोजच्या कारभाराचाच प्रश्न आहे. नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी, पाणीपुरवठा व बांधकाम विभागाचे अभियंते आणि आपल्या शहराच्या कारभारात लक्ष घालणारे नागरिक यांच्यासाठी पुढील मांडणी केली आहे.

निर्णय कोणत्या टेबलावर होतो ते आधी पाहावे

नगरपरिषदेचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय नागरी संस्थांसाठी नमूद केले. त्यांत पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, घनकचरा आहे, नगर नियोजनही आहे. प्रत्यक्षात मात्र नळाला पाणी देण्याची जबाबदारी नगरपरिषदेची असली तरी धरणाचा दरवाजा जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो, आणि पाणी योजनेचा आराखडा कितीही चांगला असला तरी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता नसेल तर तो पुढे सरकत नाही. जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही रचना असल्यामुळे पहिले पत्र लिहिण्याआधीच निर्णय नेमका कोण घेणार हे समजून घ्यावे लागते.

त्यासाठी प्रत्येक विषयाची एक पानी टिपणी करून ठेवावी. अर्ज कोणाकडे दाखल होतो, शिफारस कोण करतो, मंजुरीची सही कोणाची लागते आणि प्रत्यक्ष काम कोण करतो, या चार बाबी तिच्यात स्वतंत्रपणे लिहाव्यात. मराठवाड्यात सिंचन प्रकल्पांचे काम पाहणाऱ्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तेथेच विभागीय आयुक्तही बसतात. परंतु दैनंदिन पाणी सोडण्याचा विषय धरणावरील शाखा अभियंता आणि उपविभागीय अभियंता यांच्या पातळीवर सुटतो. जो विषय शाखा कार्यालयात सुटू शकतो तो थेट आयुक्तांकडे नेल्यास शाखा कार्यालय दुखावते, वरून पुन्हा त्यांचाच अहवाल मागवला जातो आणि वेळ मात्र दुप्पट जातो. याउलट जो विषय मंत्रालयातील नगरविकास विभागाच्या अखत्यारीत आहे, त्यासाठी तालुक्याच्या कार्यालयात खेटे घालण्यात अर्थ नसतो. जिल्हाधिकारी कार्यालयातील नगर प्रशासन शाखा हा यातला महत्त्वाचा दुवा आहे. नगरपरिषदेचे बहुतांश प्रस्ताव तिच्यामार्फतच वर जातात, त्यामुळे अन्य विभागांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराची प्रत या शाखेला माहितीस्तव देत राहावी.

पाणी: मागणी आकड्यांत आणि वेळेवर

मराठवाड्यातील लहान शहराचा सर्वांत मोठा आंतरसंस्था विषय पाण्याचा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

पावसाळा संपल्यावर, साधारणपणे १५ ऑक्टोबरच्या साठ्याच्या आधारे, वर्षभराचे नियोजन होते. पिण्यासाठीच्या आरक्षणाचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत येतो, तर सिंचनाची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, कालवा सल्लागार समितीत ठरतात. शहराची मागणी या बैठकांपूर्वी, म्हणजे सप्टेंबरमध्येच, संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे लेखी पोहोचलेली असावी. फेब्रुवारीत धरण रिकामे होऊ लागल्यावर पाठवलेली मागणी कितीही खरी असली तरी तोपर्यंत रब्बीची आवर्तने सुटलेली असतात, आणि मग शहर विरुद्ध शेतकरी असा वाद उभा राहतो. हा वाद वेळेवर दिलेल्या एका पत्राने टळू शकतो, हे प्रत्येक नगरपरिषदेने मनावर घ्यायला हवे.

मागणीपत्रात ‘पुरेसे पाणी राखून ठेवावे’ असे मोघम वाक्य लिहू नये. जलसंपदा विभाग दलघमीत म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये विचार करतो, नगरपरिषद लिटरमध्ये करते आणि वर्तमानपत्रे टीएमसीमध्ये म्हणजे अब्ज घनफुटांमध्ये लिहितात. म्हणून पत्रात हिशेब स्पष्ट मांडावा. समजा शहराची लोकसंख्या ५०,००० आहे आणि भुयारी गटार असलेल्या शहरासाठीचा दरडोई १३५ लिटरचा निकष धरला, तर रोजची गरज ६७.५ लाख लिटर होते. जलवाहिनी आणि शुद्धीकरण यांत १५ टक्के पाणी जाते असे धरले तर धरणातून रोज सुमारे ७९.४ लाख लिटर उचलावे लागेल, आणि वर्षाचा आकडा सुमारे २.९ दलघमी होईल. हा आकडा, त्याखाली त्याची रीत, गेल्या तीन वर्षांतील प्रत्यक्ष उचल आणि पुढील पावसाळा लांबल्यास जुलैअखेरपर्यंत लागणारे पाणी, एवढे एका पानावर दिले की समोरच्या अभियंत्याला ते बैठकीच्या टिपणीत जसेच्या तसे घेता येते. बाष्पीभवनाचा हिशेब तो विभाग स्वतंत्रपणे करतो. तरीही आपल्या आरक्षणात तो धरला आहे की नाही, हे बैठकीतच विचारून घ्यावे. भुयारी गटार नसलेल्या शहरासाठी निकष कमी असतो, त्यामुळे मोठा आकडा मांडून अधिक पाणी मिळेल अशी आशा धरू नये. पहिल्याच आक्षेपात असा प्रस्ताव परत येतो आणि पुढच्या वर्षीच्या खऱ्या आकड्यावरही संशय घेतला जातो.

आरक्षण मिळाल्यानंतर जलसंपदा विभागाशी करारनामा होतो आणि ठोक पाणीपट्टी आकारली जाते. तिचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. मंजुरीपेक्षा जास्त उचल झाल्यास वाढीव दराने आकारणी होते. त्यामुळे उपशाच्या ठिकाणी मीटर चालू स्थितीत असणे हे नगरपरिषदेच्याच हिताचे आहे. मीटर बंद असेल तर पंपाची अश्वशक्ती आणि तास यांच्या अंदाजावर बिल निघते, आणि वीज नसताना बंद राहिलेले पंपही त्या हिशेबात चालू धरले जाण्याची शक्यता असते. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी धरणावरील कर्मचारी आणि नगरपरिषदेचा पंपचालक यांनी मिळून मीटरचे वाचन घ्यावे, एकाच नोंदवहीत दोघांनी सह्या कराव्यात आणि त्या पानाचे छायाचित्र दोन्ही कार्यालयांत ठेवावे. थकबाकी असेल तर ती एकरकमी भरणे शक्य नसते, हे समोरच्या विभागालाही माहीत असते. परंतु चालू बिल नियमित भरून जुन्या रकमेचे हप्ते मागणाऱ्या नगरपरिषदेचे म्हणणे ऐकले जाते आणि काहीच न भरणाऱ्या नगरपरिषदेचे ऐकले जात नाही.

वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न लहान शहराच्या हातातला नाही. गोदावरीवरील पैठणच्या जायकवाडी धरणासाठी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्याबाबत नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला, आणि तेव्हापासून १५ ऑक्टोबरच्या साठ्याचे महत्त्व अधिकच वाढले. जायकवाडीवर अवलंबून असलेल्या शहरांनी या प्रक्रियेत स्वतंत्र पक्षकार व्हावे असे नाही; मात्र खोऱ्यातील पिण्याच्या पाण्याची गरज मोजताना आपल्या शहराचा आकडा त्यात आला आहे, याची खात्री दरवर्षी पाटबंधारे महामंडळाकडून लेखी करून घ्यावी.

टंचाईचे नियोजनही असेच ऋतूआधी करावे लागते. जिल्हाधिकारी कार्यालयाचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. खासगी विहिरींचे अधिग्रहण, टँकर, तात्पुरती जलवाहिनी, मृतसाठ्यातून (धरणाच्या तळाशी उरणाऱ्या पाण्यातून) उचल करण्यासाठी चर खोदणे, यांपैकी जे लागण्याची शक्यता आहे ते आराखड्यात अंदाजपत्रकासह नोंदवावे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले आणि पुढे ५० वाघिणींच्या गाड्यांनी प्रत्येकी सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले. रेल्वे, दोन जिल्ह्यांचे प्रशासन आणि पाणीपुरवठ्याच्या यंत्रणा एकत्र आल्यामुळे ते शक्य झाले, परंतु स्थानकात आलेले पाणी उतरवून घेणे, साठवणे, शुद्ध करणे आणि वाटणे ही कामे शहराच्या ठिकाणीच करावी लागली. बाहेरून मदत आली तर ती आपण कोठे आणि कशी उतरवून घेणार, याचे उत्तर लहान शहराकडेही तयार असावे.

शेजारच्या ग्रामपंचायती

वरच्या यंत्रणांकडे विनंती करणारी नगरपरिषद शेजारच्या ग्रामपंचायतींच्या दृष्टीने स्वतःच एक मोठी यंत्रणा असते, याचा अनेकदा विसर पडतो. शहरालगतच्या गावात नवीन प्लॉटिंग झालेले असते, तेथील लोक बाजाराला, शाळेला, दवाखान्याला शहरात येतात, पण कर ग्रामपंचायतीला भरतात. दुसरीकडे शहराचा कचरा डेपो आणि सांडपाणी मात्र त्याच गावाच्या शिवारात असते. दोघांचीही तक्रार खरी असते.

अशा वेळी चर्चा हद्दवाढीपासून सुरू करू नये. हद्दवाढीचा शब्द निघताच करवाढीची, जमिनीवरील आरक्षणाची आणि रोजगार हमीसारख्या ग्रामीण योजना जाण्याची भीती पुढे येते आणि साध्या विषयांवरही एकमत होत नाही. ज्या विषयात गावाला थेट आणि लवकर लाभ आहे, तो आधी घ्यावा. शहराची जलवाहिनी गावाच्या शिवारातून जात असेल तर ठोक दराने ग्रामपंचायतीला जोडणी देणे, हा असा विषय आहे. वाहिनी फोडून पाणी घेण्याचे प्रकारही त्यामुळे कमी होतात, कारण तिची राखण करण्यात गावाचाच फायदा असतो. मात्र अशा जोडणीसाठी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा आणि ग्रामपंचायतीचा असे दोन्ही ठराव असावेत, मीटर बसवलेला असावा, आणि टंचाईच्या काळात दोघांच्या पुरवठ्यात कोणत्या प्रमाणात कपात होईल हे करारनाम्यातच लिहिलेले असावे. हे शेवटचे कलम बहुतेक करारांत राहून जाते आणि नेमका उन्हाळ्यात वाद त्यावरूनच पेटतो.

कचऱ्याच्या बाबतीत शेजारच्या दोन-तीन नगरपंचायती आणि मोठ्या ग्रामपंचायती मिळून एकच प्रक्रिया केंद्र चालवणे परवडणारे असते, कारण यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ यांचा खर्च एका लहान शहराला पेलत नाही. जागा ज्या गावाच्या हद्दीत आहे त्या गावाचा कचरा विनामूल्य स्वीकारणे, तेथील लोकांना केंद्रावर काम देणे आणि वास, माश्या, कचऱ्याला लागणारी आग यांविषयी तक्रार आल्यास किती तासांत दखल घेतली जाईल हे लेखी देणे, एवढे तरी नगरपरिषदेने आपणहून करावे. पहिली बैठक नगरपरिषदेच्या सभागृहात न घेता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घ्यावी आणि त्या दिवशीच डेपोची जागा सर्वांनी मिळून पाहावी. गावाने वर्षानुवर्षे सोसलेला धूर कागदावर दिसत नाही.

रस्ता, जलवाहिनी आणि संयुक्त पाहणी

दोन विभागांतील बहुतेक भांडणे जागेवर न गेल्यामुळे होतात. राज्यमार्गाच्या कडेने जाणारी जलवाहिनी रस्ता रुंदीकरणात येते तेव्हा बांधकाम विभाग ‘ती हलवा’ असे पत्र पाठवतो, नगरपरिषद ‘खर्च तुम्ही द्या’ असे उत्तर देते आणि ठेकेदाराचे खोदकाम यंत्र मधल्या काळात वाहिनी फोडून मोकळे होते. यावर संयुक्त पाहणी हाच खात्रीचा उपाय आहे, आणि ती पुढीलप्रमाणे करावी.

काम सुरू होण्यापूर्वी बांधकाम विभागाचा शाखा अभियंता, नगरपरिषदेचा पाणीपुरवठा अभियंता, महावितरणचा सहायक अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस यांनी एकत्र रस्त्याने चालत जावे. सोबत तो जुना पंपचालक किंवा फिटर अवश्य घ्यावा, ज्याला वाहिनी रस्त्याच्या कोणत्या बाजूने गेली आहे, कोणत्या मोरीखाली ती वळते आणि कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला आहे हे माहीत असते. अनेक शहरांत ही माहिती कोणत्याही नकाशावर नाही. शंका असेल तेथे हाताने चाचणी खड्डा घेऊन वाहिनीची खोली मोजावी, रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर मोजावे, किलोमीटर दगडापासूनची साखळी (रस्त्याच्या लांबीने मोजलेले अंतर) लिहावी आणि जागेवर चुन्याची किंवा रंगाची खूण करावी. पाहणीचा अहवाल त्याच दिवशी, तेथेच हाताने लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नंतर टंकलिखित प्रत पाठवू असे म्हटले की ती प्रत येते तेव्हा तिच्यातून नेमके अडचणीचे वाक्य गळालेले असते. वाहिनी हलवण्याचा खर्च मूळ रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरून घेणे सर्वांत सोपे असते, म्हणून रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होत असल्याचे कळताच नगरपरिषदेने आपल्या वाहिन्यांचा तपशील पाठवावा. कार्यारंभ आदेश निघाल्यानंतर तो खर्च कोठेच बसत नाही.

उलट बाजूनेही हाच नियम आहे. नगरपरिषदेला विभागाचा रस्ता खोदायचा असेल तर परवानगी, अनामत आणि रस्ता पूर्ववत करण्याची मुदत पाळावी. एका योजनेत अर्धवट बुजवलेले चर पुढच्या योजनेच्या परवानगीला आडवे येतात.

जिल्हा नियोजन समिती

घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदानुसार जिल्हा नियोजन समितीने ग्रामीण आणि नागरी संस्थांच्या योजना एकत्र करायच्या असतात. महाराष्ट्रात पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात, आणि निवडून आलेल्या सदस्यांत नगरपरिषदांच्या प्रतिनिधींचाही समावेश असतो. जिल्हास्तरीय नगरोत्थान योजनेचा निधी याच मार्गाने येतो. येथे एकेकट्या शहराने वेगवेगळी मागणी करण्याऐवजी एकाच जलस्रोतावर किंवा एकाच रस्त्यावर असलेल्या शहरांनी आणि गावांनी संयुक्त प्रस्ताव दिल्यास त्याला वजन येते. प्रस्तावासोबत जागा ताब्यात असल्याचा सातबारा, सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता आणि देखभालीचा खर्च कोण करणार याचे हमीपत्र जोडलेले असावे. मार्चअखेर अनेकदा दुसरीकडचा अखर्चित निधी वळवला जातो, आणि तो ज्यांची कागदपत्रे त्या दिवशी पूर्ण असतात त्यांच्याकडेच जातो.

पूर, यात्रा आणि आपत्ती

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंडा भागात लोकांना पुराच्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. कायम दुष्काळाशी झुंजणाऱ्या या प्रदेशाला पुराचीही तयारी ठेवावी लागते, हे त्यातून पुन्हा दिसले. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, परंतु पहिल्या काही तासांत शहराला स्वतःवरच अवलंबून राहावे लागते. म्हणून मे महिन्यातच वरच्या धरणाच्या नियंत्रण कक्षाशी बैठक घ्यावी. किती क्युसेक (दर सेकंदाला घनफूट) विसर्गाला आपल्या शहरातील कोणत्या गल्लीत पाणी येते आणि धरणातून निघालेले पाणी शहरापर्यंत किती वेळात पोहोचते, ही दोन उत्तरे स्थानिक अनुभवावरून तपासून लिहून ठेवावीत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभागाकडून आखून घ्यावी, आणि ती नगररचना शाखेच्या विकास योजनेवर उतरवली आहे का ते पाहावे. पूररेषेचा नकाशा एका कार्यालयात आणि बांधकाम परवानगी दुसऱ्या कार्यालयात राहिली, तर नदीपात्रात घरे उभी राहतात. अग्निशमन वाहनाच्या बाबतीत शेजारच्या शहराशी परस्पर मदतीचा लेखी करार असावा. डिझेल कोणी भरायचे आणि अपघात झाल्यास विम्याचे काय, एवढे तरी त्यात स्पष्ट करावे.

तुळजापूरच्या नवरात्रासारख्या यात्रांमध्ये पोलीस, एसटी महामंडळ, आरोग्य विभाग, महावितरण आणि नगरपरिषद यांचा समन्वय दरवर्षी होत असतो. तीच पद्धत आपल्या शहरातील लहान यात्रेलाही लावावी आणि यात्रा संपल्यावर आठवडाभरात आढावा बैठक घ्यावी, कारण तोपर्यंत सर्वांना त्रुटी आठवत असतात.

राज्याच्या सीमेवरील शहरे

धर्माबादसारख्या सीमेवरील शहरांना आंतरराज्य बंधनेही माहीत असावी लागतात. नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणासाठी सोडावे लागते. बंधाऱ्याच्या साठ्यावर आधारित कोणतीही योजना आखताना या तारखा धरूनच हिशेब करावा. शेजारच्या राज्यातील नगरपालिकेशी कचरा, जनावरांचा बाजार, साथरोग अशा विषयांवर बोलायचे असेल तर अनौपचारिक संवाद अवश्य ठेवावा, परंतु बांधील करणारा पत्रव्यवहार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच करावा.

नोंदवही

मुख्याधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, शाखा अभियंते बदलतात, सभागृहाची मुदत संपते आणि मध्ये प्रशासकाचा काळही येतो. फोनवर दिलेला शब्द त्या माणसाबरोबरच बदलून जातो. म्हणून दूरध्वनीवर जे ठरले ते त्याच दिवशी ‘आजच्या चर्चेनुसार’ असे लिहून पत्राने कळवावे, आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास मूळ पत्राच्या संदर्भासह स्मरणपत्र द्यावे.

प्रत्येक नगरपरिषदेने अन्य यंत्रणांकडे प्रलंबित असलेल्या विषयांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. विषय, संबंधित कार्यालय, शेवटच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या लिपिकाचे किंवा अभियंत्याचे पदनाम, पुढील कृती आणि ती कोण करणार, असे सहा रकाने पुरेसे आहेत. दर सोमवारी विभागप्रमुखांच्या बैठकीत ही वही उघडावी, सर्वसाधारण सभेपुढे तिची प्रत तीन महिन्यांनी ठेवावी, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत रोखवही व धनादेश पुस्तकांच्या जोडीला तिचाही उल्लेख करून नवीन मुख्याधिकाऱ्यांची सही घ्यावी.